घरच्या वायफाय राउटरवर स्टॅटिक राउट नेमताना

दादर, गिरगाव, लालबाग या भागांतील आमच्या कित्येक ग्राहकांचे दुकान तळमजल्यावर आणि घर वरच्या मजल्यावर आहे. घरात सेवापुरवठादाराचा राउटर असतो, आणि बिलाचा संगणक व सीसीटीव्हीचा रेकॉर्डर घरच्या उपकरणांपासून वेगळे राहावेत म्हणून दुकानात दुसरा राउटर बसवला जातो. त्यानंतर हमखास येणारी तक्रार अशी की, दुकानातून घरच्या प्रिंटरवर छपाई होते, परंतु घरून रेकॉर्डर उघडत नाही.

यात बिघाड काहीच नसतो. राउटरला केवळ स्वतःला थेट जोडलेली नेटवर्क ठाऊक असतात आणि उरलेल्या सर्व पत्त्यांसाठीचा मजकूर तो इंटरनेटच्या दिशेने रवाना करतो. घरचे पत्ते १९२.१६८.१ ने आणि दुकानाचे १९२.१६८.२ ने सुरू होत असतील, तर घरचा राउटर रेकॉर्डरसाठीची विनंतीही बाहेर पाठवतो. हे खासगी पत्ते इंटरनेटवर चालत नसल्यामुळे ती तिथेच संपते. अमुक नेटवर्ककडे जायचे असल्यास अमुक राउटरकडे द्यावे, ही कायमची सूचना म्हणजे स्टॅटिक राउट.

ही नोंद घरच्या राउटरवर करावी. गंतव्य नेटवर्क १९२.१६८.२.०, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.२, म्हणजे दुकानाच्या राउटरचा घराकडील पत्ता. (राउटरच्या पानावर हे आकडे इंग्रजीतच टंकावे लागतात.) गंतव्याच्या शेवटी शून्य हवे, कारण तो एका यंत्राचा नव्हे, तर संपूर्ण नेटवर्कचा पत्ता आहे. गेटवेच्या रकान्यात मात्र बहुतेक जण दुकानाच्या राउटरचा आतला पत्ता, १९२.१६८.२.१, लिहितात आणि तिथेच फसतात. पार्ल्याहून ठाण्याला निघालेला प्रवासी मध्य रेल्वे गाठण्यासाठी दादरला उतरतो, कारण दादर त्याच्या स्वतःच्या मार्गावरही आहे. त्याला ‘घाटकोपरला गाडी बदला’ असे सांगून उपयोग नाही. गेटवेही तसाच आपल्याच नेटवर्कमधला असावा लागतो. मेट्रिकचा, म्हणजे मार्गांचा अग्रक्रम ठरवणारा, आकडा आहे तोच राहू द्यावा.

गेटवेचा पत्ता बदलला की नोंद निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात वीज गेल्यावर दोन्ही राउटर पुन्हा सुरू होतात आणि दुकानाच्या राउटरला कधी कधी नवा पत्ता मिळतो. म्हणून घरच्या राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) पानावर १९२.१६८.१.२ हा पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवावा.

यानंतर दुकानाच्या राउटरवरील नॅट (आतील सर्व उपकरणांना राउटरच्या एकाच पत्त्यामागे झाकणारी सोय) बंद करावे आणि त्याच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत, घरच्या नेटवर्कला परवानगी द्यावी. क्रम उलटा करू नये: स्टॅटिक राउट नसताना नॅट बंद केल्यास बाहेरून आलेली उत्तरे दुकानाकडे कशी न्यायची हे घरच्या राउटरला कळत नाही आणि दुकानाचे इंटरनेट बंद पडते, तेही नेमके गिऱ्हाइकाच्या गर्दीत. काही घरगुती राउटर फक्त स्वतःच्याच नेटवर्कला इंटरनेट देतात. नोंद बरोबर असूनही दुकानाचे इंटरनेट थांबले, तर नॅट पुन्हा सुरू करून आम्हांला कळवावे.

तपासणीसाठी घरच्या संगणकावर, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही आज्ञा आणि पुढे रेकॉर्डरचा पत्ता द्यावा. पहिल्या ओळीत घरचा राउटर, दुसरीत दुकानाचा आणि तिसरीत रेकॉर्डर दिसला की काम झाले. दुसऱ्या ओळीत सेवापुरवठादाराचा अनोळखी पत्ता आला, तर नोंद जतन झालेली नाही असे समजावे.

सेवापुरवठादाराच्या काही राउटरांत स्टॅटिक राउटचे पानच ग्राहकाला खुले नसते. अशा वेळी, किंवा घर आणि दुकान वेगळे ठेवण्याची मुळात निकड नसेल तर, हा खटाटोप करू नये असे आमचे मत आहे. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१ मधील मोकळा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि घरून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटकडील) पोर्टऐवजी लॅन (आतील उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये लावावी. मग सर्व उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये येतात आणि स्टॅटिक राउटची गरजच राहत नाही.