अलिबाग ट्रिप : इस्राएल आळी आणि नवगावला आपण का थांबतो

बुकिंग करताना बरेच जण विचारतात की अलिबागला बीच आणि किल्ला सोडून नवगावला गाडी कशाला वळवता, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात की दोनेक हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या समुद्रात फुटलं, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले, बाकीच्यांना तिथेच किनाऱ्याजवळ पुरलं. इतिहासकारांचं तारखेवर एकमत नाही, पण ती दफनभूमी आणि स्मारक आजही बघायला मिळतं. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद, त्यावरून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. आडनावं बघा ना, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, घरात मराठीच, आपल्यापेक्षा काय वेगळं!

अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मूळ 1848 चं, आताची इमारत 1910 ची. आत तोरा (त्यांचा धर्मग्रंथ) ठेवायचं कपाट आणि मधोमध प्रार्थनेचा लाकडी मंच, तिथे उभं राहून नुसतं वर टांगलेल्या दिव्यांकडे बघत बसावंसं वाटतं. इस्राएल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली, आता अलिबागेत मोजकीच घरं उरलीत. त्यापेक्षा आपल्या ठाण्यात जास्त लोक आहेत, इथलं सिनेगॉग 1879 चं, टेंभी नाक्याजवळून रोज जाताना आपलं लक्षच जात नाही. पनवेललाही एक आहे.

वेळ असेल तर खंडाळ्याला (लोणावळ्याचा नव्हे, अलिबागजवळचा) एलियाहू हनाबीचा टाप दाखवतो. एलियाहू हनाबी म्हणजे ज्यूंचे प्रेषित एलिया. खडकावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी श्रद्धा आहे. त्यांच्याच नावाने नवस फेडताना मलिदा करतात, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि सोबत फळं. तो हॉटेलात मिळत नाही, ड्रायव्हरला विचारू नका प्लीज.

ही ट्रिप शनिवारी ठेवत नाही, कारण उघड आहे. सिनेगॉगमध्ये डोकं झाकायचं, रुमाल किंवा टोपी सोबत घ्या, आणि फोटो काढायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, ते नाही म्हणाले तर वाद घालू नका.