खान्देशच्या उन्हाला कूलर की एसी?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 43-44 अंशांवर गेला, की दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो: एसी दीड टनाचा घ्यावा की दोन? माझं म्हणणं असं, की दुकानात जाण्याआधी घरी एक प्रयोग करावा. 50 अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात धरा. पारा भराभर उतरतो आणि काही मिनिटांनी एका जागी थांबतो.

बाहेर 43 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर तो साधारण 24 वर थांबेल. नुसत्या पाण्याने हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, त्याची ही हद्द. चांगल्या ताट्यांचा, व्यवस्थित पाणी पडणारा कूलर या 19 अंशांतलं तीन-चतुर्थांश अंतर सहज कापतो, म्हणजे 28-29 अंशांची हवा देतो. हाच प्रयोग पाऊस लागल्यावर करा. 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असताना पारा 29 च्या आसपासच अडतो. कूलर तोच, पाणी तेच, पण हवेत आणखी वाफ मावायला फारशी जागाच उरलेली नसते.

माठातलं पाणी गार होतं तेही असंच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. वीजबिलाच्या भाषेत दोन-तृतीयांश युनिट. तासाला आठ लिटर पाणी पिणारा कूलर पाच युनिटांहून जास्त उष्णता शोषतो, आणि त्याच्या पंख्याला व पंपाला लागतात जेमतेम 200 वॅट, म्हणजे तासाला युनिटाचा पाचवा भाग. दीड टनाचा एसीही तासाला तेवढीच उष्णता काढतो, पण त्यासाठी दीड युनिटाच्या आसपास वीज घेतो. कूलरचा बराच गारवा बाहेरची तापलेली हवा निववण्यातच खर्ची पडतो, हे खरं. तरीही कोरड्या उन्हाळ्यात खान्देशासाठी कूलरच योग्य यंत्र आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

मग ‘कूलर लायेल शे, तरी बी उकडस’ असं घरोघरी का ऐकू येतं? बहुतेकदा खिडक्या बंद असतात म्हणून. कूलर खोलीत ठेवून दारं लावली, की तीच हवा फिरून फिरून ओली होते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत बसवावा आणि समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवावी. हवा आत येईल तितकी बाहेर गेलीच पाहिजे. बोअरचं जड पाणी असेल तर ताट्यांवर क्षार धरतात; टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून टाकी घासली, की क्षारही कमी आणि डासांची पैदासही नाही.

यंत्राआधी खरं तर स्लॅबकडे बघायला हवं. जाड मातीच्या धाब्याच्या घरात दुपारचं ऊन आत पोचायला फार वेळ लागायचा. काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो; पंखा तीच गरम हवा अंगावर लोटतो. गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिला, तर ऊन मुळात शोषलंच कमी जातं. एवढ्या कमी पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

दमट दिवसांसाठी, घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर एका खोलीपुरता इन्व्हर्टर एसी जरूर घ्या. मात्र एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. आपल्या 44 अंशांत ती घटते, आणि बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलं तर आणखीच. त्याला सावली द्या, पण पुढची हवा अडवू नका. बसवताना तांब्याच्या नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला लावा. घाईत हे टाळलं, तर आत राहिलेली हवा आणि ओल कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते. डिसेंबर-जानेवारीतल्या धुळ्या-नंदुरबारच्या थंडीसाठी वेगळं यंत्र नको, अंघोळीला सोलर हीटर पुरतो.

कूलरच्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. म्हणून तीन पिनांचा प्लग, तपासलेलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नका. पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा.