न्यू मेक्सिको

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील एक राज्य. क्षेत्रफळ सु. ३,१४,९०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राहून किंचित मोठे. लोकसंख्या मात्र अवघी २१,१७,५२२ (२०२०). उत्तरेस कोलोरॅडो, पूर्वेस ओक्लाहोमा व टेक्सस, पश्चिमेस ॲरिझोना, दक्षिणेस टेक्सस आणि मेक्सिको देश. वायव्य कोपऱ्यात यूटाची हद्द एका बिंदूत भिडते. राजधानी सँता फे, सर्वांत मोठे शहर ॲल्बकर्की. ६ जानेवारी १९१२ रोजी हे ४७ वे राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. राज्याच्या पिवळ्या ध्वजावरील लाल सूर्य हे झिया गावच्या प्वेब्लो (गावे करून राहणारे येथील मूळ रहिवासी) लोकांचे पवित्र चिन्ह आहे.

राज्याचा बराचसा भाग उंच पठारी व कोरडा आहे. उत्तरेत रॉकी पर्वताच्या रांगा शिरल्या असून व्हीलर हे सर्वोच्च शिखर ४,०१३ मी. उंच आहे. रिओ ग्रँड नदी राज्याच्या मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि जुनी वस्ती बहुतेक तिच्याच काठाने आहे. ॲल्बकर्कीत वर्षाला जेमतेम २२ ते २५ सेंमी. पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा जुलै ते सप्टेंबरमधील दुपारच्या गडगडाटी सरींचा. या सरींना तिथेही ‘मान्सून’च म्हणतात.

अमेरिकेचा इतिहास पूर्व किनाऱ्यावरून सुरू करून पश्चिमेकडे नेण्याची सवय या राज्यापाशी निरुपयोगी ठरते. वायव्येकडील चाको खोऱ्यात नवव्या ते बाराव्या शतकांत प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडी बांधकामाच्या बहुमजली वसाहती उभारल्या. त्यांतील प्वेब्लो बोनितो या एकाच वास्तूत सहाशेहून अधिक खोल्या होत्या. सोन्याच्या सात नगरांच्या शोधात कोरोनादो हा स्पॅनिश सरदार १५४० मध्ये इकडे आला आणि रिकाम्या हाताने परतला. १५९८ मध्ये ओन्याते या स्पॅनिश सरदाराने वसाहत केली, सु. १६१० मध्ये सँता फे वसले. संयुक्त संस्थानांतील राज्यांच्या राजधान्यांत हे शहर सर्वांत जुने आहे.

स्पॅनिश राजवटीत प्वेब्लोंकडून धान्य व वेठ घेतली जाई आणि त्यांच्या धर्मविधींवर बंदी होती. १६६० नंतरच्या दुष्काळाने परिस्थिती आणखी बिकट केली. १६७५ मध्ये ४७ प्वेब्लो धर्मप्रमुखांना चेटूक केल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. काहींना फासावर चढवले, बाकीच्यांना फटके मारले. फटके खाणाऱ्यांत ओके ओविंगे गावचा पोपे होता. पाच वर्षांनी त्याने विखुरलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या गावांना एकत्र आणले. धावपटूंनी गावोगावी गाठी मारलेल्या दोऱ्या पोहोचवल्या. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची सुटेल त्या दिवशी उठायचे, असे ठरले. दोन धावपटू पकडले गेल्यामुळे बेत फुटला आणि १० ऑगस्ट १६८० रोजी, ठरल्याच्या आधीच, उठाव झाला. २१ पाद्र्यांसह सु. चारशे स्पॅनिश मारले गेले. उरलेले एल पासोकडे पळाले. पुढली बारा वर्षे हा प्रदेश पूर्णपणे स्थानिकांच्या हाती होता.

१६९२ मध्ये दे व्हार्गास या गव्हर्नरच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश परतले. हे पुनरागमन रक्तपाताविना झाल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, पण पुढच्याच वर्षी सँता फेमध्ये लढाई होऊन अनेकांना ठार करण्यात आले, हे त्यात गाळले जाते. तरीही उठाव वाया गेला असे म्हणता येत नाही. सक्तीची जुनी पद्धत पुन्हा तशी लादता आली नाही आणि प्वेब्लोंचे विधी व भाषा टिकल्या. आज राज्यात १९ प्वेब्लो समाज, शिवाय नवाहो आणि अपाची लोक आहेत. वॉशिंग्टनच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये त्यांतला एक पोपेचा दिला.

स्पॅनिश वसाहतीची सर्वांत टिकाऊ खूण चर्चपेक्षा पाटांत दिसते. ‘असेक्विया’ म्हणजे गावाच्या सामाईक मालकीचा, नदीवरून काढलेला पाट. त्याचा ‘मायोर्दोमो’ हा निवडलेला कारभारी पाण्याच्या पाळ्या लावतो. वसंतात पाट साफ करायला प्रत्येक शेतकऱ्याने माणूस द्यायचा असतो. धुळे जिल्ह्यातील पांझराकाठची फड पद्धत आणि तिचे पाटकरी ज्यांना माहीत आहेत, त्यांना यातले बहुतेक नियम ओळखीचे वाटतील. अशा सु. सातशे असेक्विया आजही चालू आहेत.

१८२१ मध्ये हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोत गेला. १८४६ मध्ये अमेरिकी फौजेने सँता फे घेतले आणि १८४८ च्या तहाने ताबा पक्का झाला. तहात जमिनींच्या हक्काची हमी होती, तरी गावांची सामाईक कुरणे कोर्टकचेऱ्यांतून हातची गेली. १८६४ मध्ये हजारो नवाहोंना शेकडो किलोमीटर चालवत बोस्के रेदोंदो येथे डांबले. चार वर्षांनी ते मायभूमीला परतले. १८५० मध्ये केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश झाल्यापासून राज्याचा दर्जा मिळायला ६२ वर्षे लागली, कारण स्पॅनिशभाषक कॅथलिक बहुसंख्येविषयी वॉशिंग्टनला विश्वास नव्हता. मूळ रहिवाशांना येथे मतदान करता आले ते तर १९४८ मध्ये, तेही न्यायालयात जाऊन.

१९४३ मध्ये लॉस ॲलामॉस येथील मुलांची निवासी शाळा ताब्यात घेऊन तिथे अणुबाँबची गुप्त प्रयोगशाळा उभारली गेली. १६ जुलै १९४५ च्या पहाटे जगातील पहिला अणुस्फोट दक्षिणेकडील वाळवंटात झाला. प्रयोगशाळेचा संचालक ओपेनहायमर याला त्या वेळी आठवलेल्या गीतेच्या ओळीची आपल्याकडे फार चर्चा होते. ज्यांच्या अंगणात ती राख पडली त्या आसपासच्या गावांची फारशी होत नाही. किरणोत्सर्गग्रस्तांसाठीच्या १९९० च्या भरपाई कायद्यातून ही गावे वगळली होती. त्यांचा समावेश व्हायला २०२५ उजाडले.

आग्नेय भागातील खनिज तेल हा आज राज्याच्या तिजोरीचा मुख्य आधार असून उत्पादनात टेक्ससनंतर न्यू मेक्सिकोचाच क्रम लागतो. लॉस ॲलामॉस व सँडिया या प्रयोगशाळाही मोठ्या रोजगारदात्या आहेत.

प्रेक्षणीय स्थळांत व्हाइट सँड्स पहिले धरावे. सु. ७०० चौ. किमी. पसरलेल्या या टेकड्या जिप्समच्या आहेत, त्यामुळे भर उन्हातही त्यांवरून अनवाणी चालता येते. कार्ल्सबाडच्या चुनखडी गुहा गंधकाम्लाने कोरल्या गेल्या; उन्हाळ्यात सूर्यास्ताला तिथून लाखो वटवाघळे बाहेर पडतात. सोकोरोजवळच्या पठारावर २७ रेडिओ दुर्बिणी इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडल्या आहेत. नारायणगावजवळच्या खोडद येथील मांडणी याच आकाराची, पण सोकोरोच्या तबकड्या रुळांवरून सरकवता येतात. ॲल्बकर्कीत दर ऑक्टोबरला शेकडो फुग्यांचे उड्डाण होते. रॉझवेल गावातील उडत्या तबकड्यांची (परग्रहवासीयांच्या कथित यानांची) दुकाने वेळ उरला तरच पाहावीत.

जेवणात मिरची सर्वत्र. ‘लाल की हिरवी?’ हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हवी असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणायचे. ऑगस्ट-सप्टेंबरात हॅच भागातील हिरवी मिरची रस्त्याकडेला जाळीच्या पिंपांत भाजतात.

ताओस प्वेब्लो (जागतिक वारसा, १९९२) येथील मातीच्या बहुमजली घरांत आजही लोक राहतात. विधींच्या काळात गाव बाहेरच्यांना बंद असते, छायाचित्रांचे नियम प्रत्येक प्वेब्लो गावात वेगळे असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.