कांजण्या गेल्या, विषाणू राहिला

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. मागच्या खोलीत यंत्रमागाची खडखड, पुढं सहा वर्षांचा पोरगा जेवायला बसलेला. कडक भाकरी मोडता मोडता त्याचा उजवा हात ताटात गळून पडतो, तोंड वाकडं होतं, शब्द फुटत नाही. ‘अंगावरून वारं गेलं,’ आजी म्हणते. वारं नव्हे, मेंदूच्या डाव्या बाजूचं रक्त अडलेलं असतं. पण ना बीपी, ना शुगर, एवढ्याशा पोराला असं का व्हावं?

कधी कधी उत्तर चार-पाच महिन्यांपूर्वीच्या कांजण्यांत सापडतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला होता, खपल्या पडल्या, अंघोळ घातली, सगळे विसरले. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या गाठींत तो दडून बसतो. अशीच एक गाठ कवटीच्या तळाशी असते. तिचे धागे चेहऱ्याला जातात, तसेच मेंदूच्या मोठ्या धमन्यांनाही. या धाग्यांवरून विषाणू धमनीच्या भिंतीत उतरतो, असं मानलं जातं. भिंत सुजते, वाट आक्रसते.

नळाच्या धारेची किंमत सोलापूरकराला सांगायला नको. नळीचा व्यास निम्मा झाला, तर दाब तोच असूनही प्रवाह निम्मा नव्हे, 16 पटींनी घटतो. मोठ्या माणसातही ही धमनी जेमतेम 3 मिलिमीटरची. त्यात सुजलेल्या जागी गुठळी धरते.

असं फार थोड्या मुलांना होतं. शिवाय हे आक्रसणं बहुतेकदा तात्पुरतं असतं: काही आठवडे-महिने वाढतं, मग थांबतं, पुष्कळदा धमनी पुन्हा मोकळी होते. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत, म्हणून तेल चोळत बसू नका, 108 ला फोन करा. पुढचा झटका टाळायला डॉक्टर बहुधा अ‍ॅस्पिरिन देतात. पण अंगावर कांजण्या असताना तीच गोळी मुलाला घरच्या घरी देणं यकृताला आणि मेंदूला घातक ठरू शकतं.

मोठ्यांत हाच विषाणू नागीण बनून उठतो; ती डोळ्याभोवती आली, तर पुढचे काही महिने पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. कांजण्यांवरची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्येच तयार केली. आपल्याकडं बालरोगतज्ज्ञ ती सव्वा वर्षाच्या सुमाराला सुचवतात.

दवाखान्यात पोचल्यावर, कुणी विचारलं नाही तरी, एवढं आपणहून सांगा: ‘डॉक्टर, वर्षभरात याला कांजण्या येऊन गेल्यात.’