जपानी रहस्यकथेतल्या 'होंकाकू' वादाची पार्श्वभूमी

२०२३ साली 'जाने जान' या हिंदी चित्रपटाने कालिंपाँगला नेलेली गणिताच्या शिक्षकाची गोष्ट मुळात टोकियोची: केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. ती कादंबरी २००५ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी तिला लोकप्रिय साहित्यासाठीचा मोठ्या मानाचा पुरस्कार मिळाला आणि 'होंकाकू', म्हणजे अस्सल तर्काच्या रहस्यकथेचा पुरस्कारही. वाद झाला तो तिला 'होंकाकू' म्हणावं का, यावरून.

होंकाकूची कल्पना १९२० च्या दशकातली. विक्षिप्त, भयावह गोष्टींपासून तर्काची गोष्ट वेगळी काढायची, हा हेतू. १९२३ मधल्या एका कथेत 'नामु अमिदा बुत्सु' या जपाच्या सहा चित्राक्षरांवर ब्रेलचे सहा ठिपके बसवून सांकेतिक चिठ्ठी रचलेली आहे. ही पाश्चात्त्य कथेची नक्कल नव्हे; जपानी लिपीशिवाय ते कोडं उभंच राहत नाही. १९४६ मध्ये युद्धाची अखेर ओकायामाच्या खेड्यात काढलेल्या एका लेखकाने सरकत्या दारांच्या जपानी घरात बंद खोलीतला खून घडवून दाखवला: लग्नाची रात्र, कोतो या तंतुवाद्याचे सूर, अंगणातल्या बर्फात रुतलेली तलवार आणि पाऊलखूण एकही नाही.

१९५७ पासून वारं फिरलं. टोकियो स्थानकात तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरच्या फलाटावरची गाडी संध्याकाळी चारच मिनिटं दिसते. एवढ्या तपशिलावर एक कादंबरी उभी राहिली, पण तिच्या यशानंतर चर्चा झाली ती गुन्ह्यामागच्या सरकारी लाचखोरीची. निव्वळ कोडं जुनाट ठरलं. १९८७ मध्ये क्योटोच्या विद्यार्थी मंडळातल्या तरुणाने बेटावरच्या दशकोनी घरात ते परत आणलं, तेव्हा समीक्षक म्हणाले, यांना माणूस रंगवता येत नाही. हा शेरा या पिढीला चिकटूनच राहिला.

म्हणून २००५ च्या कादंबरीचं महत्त्व. तिच्यात माणूस होता. प्रश्न उरला कोड्याचा. खून शिक्षकाच्या शेजारणीने केला आणि तो झाकायला शिक्षक मदत करतो, हे सुरुवातीलाच कळतं. पण शिक्षकाने नेमकं काय लपवलं, हे तर्काने गाठण्याइतके पुरावे वाचकाला दिलेलेच नाहीत आणि शोध घेणारा भौतिकशास्त्रज्ञही अंदाजानेच तिथे पोचतो, असा आक्षेप एका रहस्यकथाकाराने त्याच वर्षाच्या अखेरीस घेतला. कादंबरी होंकाकू आहे, पण फारच सोपी, असंही मत आलं.

माझ्या मते पुरावे नाहीत हे म्हणणं टिकत नाही. पहिल्याच प्रकरणात शिक्षक सुमिदा नदीकाठच्या बेघरांच्या निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांवरून कामाला जातो. शिक्षकाने जे लपवलं त्याचा धागा तिथेच आहे, पण आपण ते वातावरण म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. मात्र आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे उत्तर अंदाजानेच गाठलं जातं हा, खोडणं कठीण आहे. असा तपशील संशयापर्यंत नेतो, एकमेव उत्तरापर्यंत नाही, आणि कडक होंकाकूला एकमेव उत्तर लागतं. होंकाकू पुरस्कार तो देणाऱ्या रहस्यकथाकारांच्या संघटनेतल्या सभासदांच्या मतदानाने ठरतो. मतं कादंबरीच्या बाजूने पडली.