केजन मसाला म्हणजे नुसता जाळ नव्हे

केजन ही अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याची खाद्यशैली. ‘केजन म्हणजे तोंड भाजणारं तिखट’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही, आणि त्यापायी एका सुंदर मसाल्यावर अन्याय होतो.

केजन हे ‘अकेडियन’ या शब्दाचं झिजलेलं रूप. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून ज्या फ्रेंच भाषक अकेडियन लोकांना हाकललं, त्यांतले बरेच पुढे लुईझियानात स्थिरावले. त्यांच्या रश्शांचा पाया कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. तिखट असतं, पण चवीच्या मागे उभं असतं.

गैरसमज वाढला १९८०च्या दशकात. न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांचा ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ अमेरिकाभर गाजला: लोण्यात बुडवून, मसाला चोळून, सणसणीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला मासा. मागणी इतकी वाढली की रेडफिशच्या मासेमारीवर बंधनं आली. पण ही परंपरा नव्हे, एका शेफची कल्पना.

घरी करताना प्रमाण पाहा: २ मोठे चमचे पॅपरिका (सौम्य लाल मिरचीची पूड), १-१ मोठा चमचा लसूण पूड आणि कांदा पूड, १-१ छोटा चमचा थाइम, ओरेगानो, मिरपूड. झणझणीत केयेन मिरची फक्त १ छोटा चमचा! पॅपरिका नसेल तर बेडगीची पूड घ्या, मात्र मग केयेन निम्मी करा. मीठ वरून. आणि आपल्या गोड्या मसाल्यासारखं हे भाजू नका. लसूण पूड चटकन करपते आणि सगळं कडू होतं.