किडनी बसवल्यावरचा पस्तावा आणि टॅक्रोलिमस

नवी किडनी बसली की माणूस ठणठणीत होतो, हा समज इतका पक्का आहे, की दोन महिन्यांनी रुग्ण ‘उगाच करून घेतलं, डायलिसिसच बरं होतं’ म्हणाला तर घरचे हबकतात. किडनी आईने किंवा भावाने दिली असेल तर तो तेवढंही बोलत नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला लावून घेणं सुटलेलं असतं, पण घड्याळ लावून घ्यायच्या गोळ्या किडनी चालेल तोवर असतात.

सुरुवातीच्या या पस्ताव्यामागे बरेचदा टॅक्रोलिमस असतं, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध. 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. परकी किडनी ओळखली की टी-पेशीत, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीत, कॅल्शियम वाढतं आणि कॅल्सिन्युरिन हे विकर जागं होतं. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, एनफॅट केंद्रकात शिरतं, टी-पेशींना वाढायचा इशारा देणारं इंटरल्युकिन-2 तयार होऊ लागतं आणि टी-पेशींची फौज वाढते. टॅक्रोलिमस एफकेबीपी-12 या प्रथिनाला चिकटतं. ती जोडी कॅल्सिन्युरिनला जखडून ठेवते. पण कॅल्सिन्युरिन स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतही असतं, म्हणून आधी नसलेला मधुमेह होऊ शकतो. मेंदूत तर ते भरपूर. चहाची बशी हातात थरथरते, झोप उडते. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड: चेहरा गोल होतो, भूक खवळते, कारण नसताना रडू येतं.

म्हणून ‘टॅक लेव्हल’ला, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या प्रमाणाला, इतकं महत्त्व. पहिले तीन महिने ती साधारण 8 ते 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात, मग कमी करत नेतात. रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो, त्यावरून डोस कमी होतो आणि शरीर किडनी नाकारू लागण्याचा धोका वाढतो. पपनस आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमस मोडणारं विकर अडवतात, लेव्हल चढते. जुलाबातही चढते, हे अनेकांना माहीत नसतं. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने ती कोसळते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ गुळवेलीचा काढा तर अजिबात नको. जी शक्ती औषधाने दाबून ठेवली आहे, तिलाच चेतवायला निघालेला हा काढा आहे.

पस्तावा मोजायची पाच विधानांची एक प्रश्नावली आहे. तीत ‘पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घ्याल का’ अशा अर्थाचं एक विधान असतं. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण त्रास होणं आणि निर्णय चुकला वाटणं या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या होतात. किडनी निकामी होऊन पुन्हा डायलिसिसवर आलेल्याचं दुःख निराळं, ते लेव्हलच्या आकड्यात सापडणार नाही. पण दुसऱ्या महिन्यात हात कापतात म्हणून पस्तावणाऱ्याने आधी लेव्हल पाहावी आणि थरथर, झोप, रडू सगळं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गोळी मनाने चुकवू नये. प्रेडनिसोलोनही बहुतेकांचं काही महिन्यांत दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आसपास येतं.